अद्भुताची वंशावळ : फॅन्टसी हा साहित्यप्रकार कसा घडला

आज इंग्रजी पुस्तकांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात 'फॅन्टसी'चे स्वतंत्र कपाट असते. पहिल्या पानावर काल्पनिक प्रदेशाचा नकाशा, आत जादूगार, ड्रॅगन, लयाला गेलेली राज्ये आणि एकाच कथेचे तीन, सात, दहा खंड. कपाट इतके भरलेले असते की ते कायमच तिथे होते असे वाटावे. प्रत्यक्षात 1960 साली ते अमेरिकेत नव्हते आणि इंग्लंडमध्येही नव्हते. अशी पुस्तके बालसाहित्यात, विज्ञानकथांच्या आसपास किंवा जुन्या ग्रंथांत विखुरलेली असत आणि त्यांतली कित्येक बाजारात मिळतही नसत. 1977 संपेपर्यंत मात्र या प्रकाराला नाव मिळाले होते, हक्काचा वाचक मिळाला होता आणि पूर्वजांची एक रीतसर यादीही तयार झाली होती. अद्भुत गोष्टी सांगणे माणसाइतके जुने आहे. फॅन्टसी हा आज आपण ओळखतो तो साहित्यप्रकार मात्र 1965 ते 1977 या जेमतेम बारा वर्षांत उभा राहिला.

त्याची सामग्री अडीचशे वर्षे आधीपासून जमत होती. अंत्वान गालाँने 1704 पासून 'अरेबियन नाइट्स'च्या कथा फ्रेंचमध्ये आणल्या आणि युरोपला पूर्वेकडच्या जिन-परींचे वेड लागले. त्या वेडातूनच विल्यम बेकफर्डची 'वाथेक' ही कादंबरी 1786 मध्ये इंग्रजीत अवतरली. पुढच्या शतकात ओढा स्वतःच्या मातीकडे वळला. 1812 मध्ये ग्रिम बंधूंनी जर्मन लोककथांचा पहिला खंड काढला. रशियन सत्तेखालच्या फिनलंडमध्ये एलियास लोनरोट हा डॉक्टर खेडोपाडी हिंडून लोकगीते टिपून घेत होता. त्यांची गुंफण करून त्याने 1835 मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केले आणि 1849 मध्ये ते वाढवून पुन्हा छापले. ज्यांचे राज्य नव्हते त्यांना निदान आपले महाकाव्य तरी हवे होते. जुन्या भाषांचा अभ्यास, लोककथांचे संकलन आणि राष्ट्राचा शोध हे तीन प्रवाह असे एकत्र आले.

औद्योगिक इंग्लंडमध्ये या प्रवाहांना वेगळीच निकड मिळाली. गिरण्या, धूर आणि हिशेब यांनी वेढलेल्या समाजात काही लेखकांना असे वाटू लागले की जुन्या गोष्टी जमवून भागणार नाही, नव्या रचायला हव्यात. स्कॉटलंडचा जॉर्ज मॅक्डोनाल्ड हा पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक. त्याची 'फँटास्टिस' 1858 मध्ये आली. एक तरुण सकाळी जागा होतो आणि त्याच्या खोलीचेच परीराज्यातले रान होते, इथून तिची सुरुवात. पुस्तक मुलांसाठी नव्हते, मोठ्यांसाठी होते, आणि हेच त्या काळात नवे होते.

विल्यम मॉरिसचा वाटा याहून मोठा. भिंतीवरच्या कागदांची नक्षी काढणारा, हातमागाचा आणि हस्तकलेचा कैवार घेणारा, समाजवादाच्या सभांतून भाषणे देणारा हा माणूस आइसलंडच्या प्राचीन गाथांनी झपाटला होता. आइरिक्र माग्नुसन या आइसलंडी मित्राबरोबर त्याने त्या गाथा इंग्रजीत आणल्या. 1871 आणि 1873 मध्ये तो स्वतः आइसलंडला जाऊन आला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याने 'द वुड बियाँड द वर्ल्ड' (1894) आणि 'द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड' (1896) यांसारख्या दीर्घ गद्यकथा लिहिल्या. त्या आपल्या इतिहासात घडत नाहीत आणि आपल्या भूगोलातही नाहीत. स्वप्न पडले, मग जाग आली, अशी पळवाटही त्यांत नाही. काल्पनिक देश स्वतःच्या पायांवर उभा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी काही एकांडे शिलेदार या वाटेवर आले. आयर्लंडचा सरदार लॉर्ड डनसनी याने 1905 मध्ये 'द गॉड्स ऑफ पेगाना' स्वखर्चाने छापले. त्यात त्याने कोणत्याही धर्माचे नसलेले, स्वतः कल्पिलेले देव आणि त्यांची पुराणे रचली. सरकारी नोकरीत असलेल्या ई. आर. एडिसनने 1922 मध्ये 'द वर्म ऑरोबोरोस' लिहिली. होप मिरलीस या कवयित्रीची 'लड-इन-द-मिस्ट' 1926 ची. अटलांटिकपलीकडे चित्र वेगळे होते. तिथे स्वस्त कागदावर छापलेल्या मासिकांचा सुकाळ होता. 1923 मध्ये सुरू झालेल्या 'वीअर्ड टेल्स'मध्ये टेक्ससच्या रॉबर्ट ई. हॉवर्डने डिसेंबर 1932 पासून कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथा लिहिल्या. 1936 मध्ये तिशीतच त्याने आयुष्य संपवले.

ही सगळी नावे आज आपण एका दमात घेतो. पण हे लोक एका घराण्याचे नव्हते. आयरिश सरदार, टेक्ससच्या खेड्यातला मासिकलेखक आणि लंडनच्या साहित्यवर्तुळातली कवयित्री यांना एकत्र बांधणारे नाव त्या काळी अस्तित्वातच नव्हते. त्यांची पुस्तके एकामागून एक विस्मृतीत गेली.

त्यातल्या काही पुस्तकांना मात्र योग्य हात भेटले. बर्मिंगहॅमच्या शाळेत शिकणाऱ्या जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किनच्या हाती 'कालेवाला'चे इंग्रजी भाषांतर पडले आणि तो इतका भारावला की पुढे ऑक्सफर्डमध्ये फिन्निश भाषेच्या मागे लागला. 1914 मध्ये मिळालेल्या एका पारितोषिकाच्या पैशांतून त्याने मॉरिसची पुस्तके विकत घेतली. दोन वर्षांनी, 1916 मध्ये, लेदरहेड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या टपरीवर सी. एस. लुइस नावाच्या मुलाने 'फँटास्टिस'ची स्वस्त आवृत्ती घेतली. त्या पुस्तकाचे ऋण त्याने जन्मभर मानले. हे दोघे पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक म्हणून भेटले आणि मित्र झाले.

मधल्या काळात पहिले महायुद्ध येऊन गेले होते. 1916 मध्ये टॉल्किन सोमच्या लढाईत होता. खंदकातल्या उवांमुळे पसरणाऱ्या तापाने त्याला गाठले आणि नोव्हेंबरमध्ये तो इंग्लंडला परतला. शाळेपासूनच्या जिवलग मित्रांतले दोघे त्या वर्षात मारले गेले. आजारपणात त्याने एका पडलेल्या नगरीची कथा लिहायला घेतली. त्याच्या कल्पित इतिहासाची सुरुवात तिथली. त्याला भाषा रचण्याचा नाद होता. भाषा रचली की ती बोलणारे लोक लागतात आणि लोक आले की त्यांचा इतिहास लागतो. हा उद्योग वीस वर्षे कोणत्याही प्रकाशकाशिवाय चालू होता.

21 सप्टेंबर 1937 रोजी ॲलन अँड अनविन या लंडनच्या प्रकाशनाने त्याचे 'द हॉबिट' हे मुलांचे पुस्तक काढले. हस्तलिखितावर शिफारस लिहिली होती प्रकाशकाच्या दहा वर्षांच्या मुलाने, रेनर अनविनने, आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला होता. 1500 प्रतींची पहिली आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. टॉल्किनने डिसेंबर 1937 मध्ये लिहायला घेतलेला हा 'पुढचा भाग' संपायला 1949 उजाडले आणि तोवर ते मुलांचे पुस्तक राहिले नव्हते.

लेखन चालू असतानाच, मार्च 1939 मध्ये, त्याने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. अद्भुतकथा ही बालवाडीत टाकून देण्याची वस्तू नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. लेखक एक दुय्यम सृष्टी घडवतो. तिचे नियम आतून सुसंगत असले तर वाचक तिच्यावर खरा विश्वास ठेवतो. वास्तवापासून पळ काढण्याच्या आरोपालाही त्याने उत्तर दिले : तुरुंगातल्या माणसाने बाहेरच्या जगाचा विचार करणे म्हणजे पळपुटेपणा नव्हे. मॅक्डोनाल्ड आणि मॉरिस यांनी जे करून दाखवले होते, त्याला या व्याख्यानाने सिद्धान्त दिला.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापणे हा धाडसी निर्णय होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग होता आणि ग्रंथ प्रचंड होता. मोठा झालेला रेनर अनविन आता प्रकाशनात काम करत होता. एक हजार पौंडांपर्यंत तोटा होऊ शकतो हे गृहीत धरून त्याने ग्रंथ स्वीकारला आणि खर्च विभागण्यासाठी त्याचे तीन खंड पाडले. पहिला 29 जुलै 1954 रोजी, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि तिसरा ऑक्टोबर 1955 मध्ये आला. आज फॅन्टसी म्हटले की तीन खंड हे समीकरण रूढ आहे. त्याचे मूळ कागदाच्या भावात आहे, कलेच्या नियमात नाही. कवी डब्ल्यू. एच. ऑडेनने ग्रंथाला डोक्यावर घेतले, तर 1956 मध्ये एडमंड विल्सन या वजनदार अमेरिकन समीक्षकाने त्याची पोरकट म्हणून धिंड काढली. खप अपेक्षेपेक्षा चांगला होता, पण ती महाग, पुठ्ठा बांधणीची पुस्तके होती. दहा वर्षे ग्रंथ एका मर्यादित वर्तुळात फिरत राहिला.

ते वर्तुळ फुटले एका कायदेशीर फटीमुळे. परदेशात छापलेली इंग्रजी पुस्तके किती संख्येने आणता येतील यावर अमेरिकन कायद्याचे बंधन होते. टॉल्किनच्या अमेरिकन प्रकाशकाने ब्रिटनमध्ये छापलेली पाने आणून ती अमेरिकेत बांधली होती आणि त्यात ती मर्यादा ओलांडली गेली होती. न्यूयॉर्कच्या एस बुक्सचा संपादक डोनाल्ड वोलहाइम याने निष्कर्ष काढला की या ग्रंथाला अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षणच नाही. मे 1965 मध्ये एस बुक्सने पहिला खंड पेपरबॅकमध्ये बाजारात आणला. किंमत 75 सेंट. लेखकाची परवानगी नव्हती आणि त्याला मानधनही नव्हते.

अधिकृत पेपरबॅक काढण्याचे काम बॅलंटाइन बुक्सकडे आले. नव्याने हक्क मिळवण्यासाठी मजकुरात दुरुस्त्या हव्या होत्या आणि टॉल्किन त्या आपल्या संथ गतीने करत होता. बॅलंटाइनने आधी 'द हॉबिट' काढले. मुखपृष्ठावर चित्रकर्तीने सिंह आणि इमू पक्षी रंगवले होते, कारण तिला पुस्तक वाचायला वेळच मिळाला नव्हता. ऑक्टोबरपासून तीन खंडांची अधिकृत आवृत्ती 95 सेंटला मिळू लागली. जिवंत लेखकाचा मान राखणाऱ्यांनी हीच आवृत्ती घ्यावी, असे टॉल्किनचे आवाहन तिच्या मलपृष्ठावर होते. शिवाय अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना तो प्रत्येकाला या प्रकाराची माहिती कळवत होता. वाचकांनी दुकानदारांना जाब विचारला आणि वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला. अखेर एस बुक्सने माघार घेतली, टॉल्किनला नऊ हजारांहून अधिक डॉलर दिले आणि पुन्हा न छापण्याचे कबूल केले. कितीतरी पुढे, 1992 मध्ये, अमेरिकन न्यायालयाने त्याचा मूळ हक्कही वैध ठरवला.

या भांडणाने ग्रंथाला जी प्रसिद्धी दिली ती कोणत्याही जाहिरातीने दिली नसती. आणि वेळही जुळून आली होती. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी नुकतीच महाविद्यालयांत पोहोचली होती. व्हिएतनामचे युद्ध तापत होते, अण्वस्त्रांची धास्ती होती, कारखान्यांनी नासलेल्या नद्यांची चर्चा सुरू झाली होती. सत्तेची अंगठी वापरायची नाही, नष्ट करायची, ही ग्रंथातली मध्यवर्ती कल्पना त्या मुलांना थेट भिडली. टॉल्किन स्वतः परंपरानिष्ठ कॅथलिक होता आणि या चळवळ्या वाचकांशी त्याचे फारसे जुळणारे नव्हते. तरी ग्रंथाच्या नायकाचे नाव घेऊन 'फ्रोडो जिवंत आहे' असे बिल्ले छातीवर लावून विद्यार्थी हिंडू लागले. थोड्याच काळात खप दहा लाखांवर गेला.

वाचकांचा पुढचा प्रश्न साधा होता : असे आणखी काय आहे? इथे प्रकाशकांनी इतिहास घडवला. 1966 पासून लान्सर बुक्सने हॉवर्डचा कॉनन चित्रकार फ्रँक फ्राझेटाच्या दणकट मुखपृष्ठांसह पुन्हा बाजारात आणला. बॅलंटाइन दांपत्याने, इयन आणि बेटी यांनी, लिन कार्टर या लेखकाला सल्लागार नेमले आणि मे 1969 मध्ये मोठ्यांसाठीच्या फॅन्टसीची स्वतंत्र माला सुरू केली. चिन्ह होते युनिकॉर्नचे मस्तक. 1974 पर्यंत चाललेल्या या मालेत मॉरिस, मॅक्डोनाल्ड, डनसनी, बेकफर्ड असे एकेक लेखक धूळ झटकून पेपरबॅकमध्ये आले.

हे उत्खनन किती खोल होते ते दोन उदाहरणांतून दिसते. होप मिरलीसची कादंबरी 1970 मध्ये तिच्या परवानगीविना छापली गेली, कारण लेखिका हयात आहे की नाही याचा पत्ताच लागला नव्हता. ती हयात होती आणि 1978 पर्यंत जगली. एव्हँजेलिन वॉल्टनची गोष्ट अधिक सुखाची. वेल्श पुराणकथांवरची तिची कादंबरी 1936 मध्ये येऊन विसरली गेली होती. ती नव्या नावाने पुन्हा निघत असताना लेखिका ॲरिझोनात राहत असल्याचे कळले आणि तिच्यापाशी त्याच कथाचक्राचे अप्रकाशित लेखनही निघाले. तेही मालेत प्रसिद्ध झाले. उतारवयात तिला वाचक मिळाला.

कार्टरने मालेतल्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. त्यांत आणि 1973 च्या 'इमॅजिनरी वर्ल्ड्स' या पुस्तकात त्याने सलग सूत्र मांडले : मॉरिसने सुरुवात केली, डनसनी आणि एडिसनने ती पुढे नेली, टॉल्किनमध्ये तिचा कळस झाला. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी वंशावळ मोठ्या प्रमाणात ही आहे. ती खोटी नाही. टॉल्किनने मॉरिस वाचला होताच. पण ती शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेली आहे. आधी टॉल्किन खपला, मग त्याचे पूर्वज शोधले गेले.

जुन्या पुस्तकांना रसिक मिळाले, पण मोठा खप मिळाला नाही. 1973 मध्ये बॅलंटाइन बुक्स रँडम हाउसच्या मालकीची झाली आणि पुढच्या वर्षी माला थांबली. संपादनाची सूत्रे जुडी-लिन आणि लेस्टर डेल रे या दांपत्याकडे गेली. लेस्टरचा अंदाज होता की वाचकाला टॉल्किनचे आजोबा नकोत, टॉल्किनसारखे नवे पुस्तक हवे आहे. 1977 मध्ये डेल रे नावाने सुरू झालेल्या प्रकाशनाने टेरी ब्रुक्स या तरुण वकिलाची 'द सोर्ड ऑफ शॅनारा' काढली. शांत खेड्यातला नायक, सल्ला देणारा गूढ वृद्ध, दूरच्या काळोख्या देशातला शत्रू : सगळा साचा ओळखीचा होता. कार्टरने तिला कठोर शब्दांत नक्कल ठरवले, पण न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ती झळकली आणि लेस्टरचा अंदाज व्यापारात खरा ठरला.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका मालेचा धागा महाराष्ट्रात पोहोचतो. स्टीफन डोनाल्डसनच्या कादंबरीचा नायक टॉमस कव्हनंट हा कुष्ठरोगी आहे. डोनाल्डसनचे बालपण मिरजेत गेले. तिथे त्याचे वडील मिशनरी डॉक्टर म्हणून कुष्ठरुग्णांवर अस्थिशस्त्रक्रिया करत. सत्तेचाळीस नकार पचवलेले हे हस्तलिखित लेस्टर डेल रेने स्वीकारले. ज्याच्या बोटांना स्पर्श कळत नाही आणि ज्याला समाजाने दूर लोटले आहे, असा माणूस सुंदर, निरोगी प्रदेशात जाऊन पडतो आणि त्या प्रदेशावर विश्वास ठेवायलाच नकार देतो. टॉल्किनच्या साच्याला आतून दिलेले हे आव्हान होते आणि त्यामागचा अनुभव मिरजेच्या दवाखान्याशी जोडलेला होता.

1974 मध्ये आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने तर ही दुय्यम सृष्टी वाचकाच्या हातीच दिली. मित्रांचे टोळके टेबलाभोवती बसून स्वतःची मोहीम रचू लागले, आणि संगणकीय खेळांनी पुढे हाच ढाचा उचलला. त्यानंतरचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिनची माला 1996 मध्ये सुरू झाली, हॅरी पॉटर 1997 मध्ये आला, आणि 2004 च्या ऑस्कर सोहळ्यात टॉल्किनच्या तिसऱ्या खंडावरच्या चित्रपटाने अकरा पुरस्कार घेतले. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादाने 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने तो ग्रंथ मराठीतही आला.

1965 ते 1977 या बारा वर्षांचा हिशेब मांडताना जमेची बाजू मोठी आहे. विसरलेले लेखक परत मिळाले, अद्भुताला प्रौढ वाचकाच्या टेबलावर जागा मिळाली आणि लिहिणाऱ्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. पण वंशावळ अरुंद झाली. बेकफर्डसारखे अपवाद सोडले तर तिचा कणा उत्तर युरोपचा राहिला. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' टॉनीच्या भाषांतरामुळे 1880 च्या दशकापासून इंग्रजीत होता. पेन्झरने 1924 ते 1928 या काळात तो दहा खंडांत टिपांसह काढलाही होता. विद्याधरांची राज्ये, वेताळ, मंत्रसिद्धी, कथेच्या पोटात कथा, सगळे तिथे होते. युनिकॉर्नच्या मालेत त्याला जागा मिळाली नाही. त्यामुळे जादूचे राज्य म्हटले की किल्ला, बर्फ आणि गोरा राजपुत्र हेच चित्र जगभरच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर रुजले. उर्सुला ल ग्विनने 1968 मध्येच 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये तांबूस-सावळ्या वर्णाचा नायक आणि बेटांचा देश उभा करून दुसरी वाट दाखवली होती. ती वाट रुंद व्हायला पुढची अनेक दशके लागली. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेला 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षे विज्ञानकथा आणि फॅन्टसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा ती निर्विवाद रुंद झाली असे म्हणता येईल.

मराठी वाचकाने या इतिहासाकडे उगीच दुरून पाहू नये. 'फँटास्टिस' 1858 ची. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची. तिच्यापाठोपाठ नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. अद्भुतरम्य कादंबरीचा आरंभ दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी झाला होता. वास्तववादी कादंबरी आल्यावर आपण त्या सुरुवातीला बाल्यावस्था म्हणून मागे टाकले आणि आज ती पुस्तके मुख्यतः अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आठवली जातात. इंग्रजीतही मॉरिस आणि मॅक्डोनाल्ड यांच्या वाट्याला हेच आले असते. त्यांना वाचवले ते कोणा थोर समीक्षकाने नव्हे, तर जुनी पुस्तके शोधून, प्रस्तावना लिहून, परवडणाऱ्या किमतीत पुन्हा छापणाऱ्या मोजक्या माणसांनी. परंपरा ही मिळत नसते, ती चालवावी लागते. 'मुक्तामाला'पासूनच्या आपल्या अद्भुत कादंबऱ्या चांगल्या प्रस्तावनांसह, आजच्या तरुण वाचकाला खिशाला झेपतील अशा किमतीत पुन्हा छापाव्यात, अशी मराठी प्रकाशकांना आणि अभ्यासकांना कळकळीची विनंती आहे.